सुंदर ईसीजीवर भाळू नकोस

अगं, "ताई, आम्हाला धड इलेक्ट्रॉनिक्सही येत नाही आणि धड मेडिकलही नाही," हे रडगाणं बायोमेडिकलच्या सेकंड इयरला प्रत्येकीचं असतं. खरंही आहे ते. यंत्र खांडपूरच्या पुस्तकात मिळतं, शरीर गायटनमध्ये. दोन्हींची गाठ तुझी तुलाच घालावी लागते. तेवढं एक जमलं ना, की हा न्यूनगंड आपोआप जातो.

ईसीजीचं प्रॅक्टिकलच घे. हृदयाचा सिग्नल जेमतेम १ मिलिव्होल्ट, आणि खोलीतल्या वायरिंगमुळे अंगावर बसलेला ५० हर्ट्झचा हम त्याच्या कितीतरी पट. सगळे काय करतात? नॉच फिल्टर लावतात, रेघ स्वच्छ होते, सर सही करतात, जर्नल कम्प्लीट. तू तिथे थांब. हम आला कुठून ते आधी शोध. इलेक्ट्रोडखालचं जेल वाळलंय का? लीडच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन जवळ ठेव आणि स्क्रीनवर काय फरक पडतो ते बघ.

मग उजव्या पायाचा इलेक्ट्रोड. ओरल्सला सगळे "ग्राउंड" म्हणून मोकळे होतात, मार्कही मिळतात. पण आजच्या बहुतेक मशीनमध्ये सगळ्या इलेक्ट्रोडवर सारखाच येणारा तो हमचा व्होल्टेज उलटा करून त्याच पायातून परत सोडतात, म्हणून हम दबतो. पेशंटला थेट अर्थिंगला का बांधत नाहीत, हेही विचारून घे. दुसऱ्या एखाद्या उपकरणात बिघाड झाला तर करंटला जायला पेशंटमधूनच वाट मिळेल, म्हणून.

आणि फिल्टरचं तर वेगळंच. वॉर्डातला मॉनिटर साधारण ०.५ ते ४० हर्ट्झ एवढंच दाखवतो, म्हणजे श्वासाबरोबर रेघ वरखाली तरंगत नाही. निदानाच्या ईसीजीला मात्र ०.०५ ते १५० लागतं. खालची मर्यादा ०.५ वर नेली की एसटी सेगमेंट खरा नसतानाही वर किंवा खाली सरकलेला दिसू शकतो. हार्ट अटॅकची शंका आली की डॉक्टर नेमका तोच बघतात! रेघ देखणी, निदान चुकलेलं. हे फिल्टरच्या चॅप्टरमध्येही नाही आणि हृदयाच्या चॅप्टरमध्येही नाही. तुझा विषय तो हाच.

सरांना दोष देऊ नकोस. एका किटभोवती अख्खी बॅच आणि डोक्यावर सबमिशन, ते तरी किती शिकवणार? लॅब असिस्टंट काकांशी मात्र मैत्री कर. कुठल्या किटचा कनेक्टर ढिला आहे ते त्यांनाच ठाऊक असतं.

ऑक्सिमीटर शिकवतील तेव्हाही लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशाचं गुणोत्तर पाठ करून उठू नकोस. ते गुणोत्तर टक्क्यांत बदलणारा तक्ता निरोगी माणसांवर मोजून बनवलेला असतो. कोणत्या रंगाच्या माणसांवर, हा प्रश्न वर्गात विचार. अमेरिकेत २०२० साली छापलेल्या एका अभ्यासात, ऑक्सिमीटरवर न दिसलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली होती.

मिनी प्रोजेक्टला तयार मॉड्यूल आणि अर्डुइनो आण, चालेल. पण एकदा तरी तीन ऑप-ॲम्पचा इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर ब्रेडबोर्डवर स्वतः उभा कर. माणसाला जोडताना सर्किट बॅटरीवरच, आणि लॅपटॉपचा चार्जर काढलेला. यात हयगय केलीस तर मी फोन उचलणार नाही.

सुट्टीत एखाद्या हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात परवानगी मिळव आणि आयसीयूतल्या सिस्टरना विचार, कुठला अलार्म तुम्ही न बघताच बंद करता? त्यांना नावं ठेवायला नव्हे हं, चूक अलार्म बनवणाऱ्याचीही असू शकते. थेरॅक-२५ नावाच्या रेडिएशन मशीनने १९८५ ते १९८७ मध्ये अमेरिका-कॅनडात सहा रुग्णांना भयंकर जास्त डोस दिला. सॉफ्टवेअरमध्ये चूक होतीच. पण ते मशीन सतत असे काही अगम्य एरर मेसेज द्यायचं, की ऑपरेटरना ते ओलांडून पुढे जायची सवय लागली होती. तो मेसेज लिहिणारा कुणीतरी इंजिनिअरच होता ना?

सिस्टर जे सांगतील त्यातून प्रोजेक्टचा विषय काढ. आधी "एआय-बेस्ड" असं शीर्षक ठरवायचं आणि मग त्याला रोग शोधत हिंडायचं, हे नको. अर्ध्या वर्गाचं तेच असेल.