अननस सोलताना

एका सकाळी आमच्या ॲपने ब्राझीलमधल्या लोकांना फर्मावलं, ‘आपले आईवडील निवडा.’ खाली जगातल्या देशांची यादी. साओ पावलोच्या एका बाईंनी त्या पानाचा स्क्रीनशॉट टाकून लिहिलं होतं, ‘मी जपान निवडलाय. आईला अजून सांगितलेलं नाही.’

पोर्तुगीजमध्ये देशाला ‘पाईस’ म्हणतात आणि आईवडलांना ‘पाइस’. लिहिताना फरक एवढाच, की देशातल्या ‘आय’वर टिंबाच्या जागी तिरकी रेघ येते. सभासदांच्या नावांवरून लिंक तयार करताना अशा रेघा काढून टाकणारा कोडचा एक तुकडा आमच्याकडे होता. कुणीतरी घाईत तो मथळ्यांवरही चालवला. रेघ गेली, देश गेला, आईवडील आले. ‘शिक्षक दिना’चा ‘शिक्षक दीन’ झालेला फलक पाहून आपण हसतो, तसंच हे. फक्त इथे फलक आम्ही लिहिला होता आणि हसणारे दुसऱ्या गोलार्धात होते.

त्या दिवशी मी ती रेघ परत बसवून घेतली आणि प्रश्न सुटला असं समजले. तो सुटायला पुढे वर्ष गेलं. कुणी मराठी मंडळी आपलं ॲप परक्या भाषेत न्यायच्या बेतात असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं ॲप झाडं लावणाऱ्यांसाठी होतं. पुण्यातलं सहा जणांचं ऑफिस. गच्चीवरच्या कुंड्यांचे फोटो टाकायचे, कीड लागली तर विचारायचं, कटिंग्जची देवाणघेवाण करायची. इंग्रजी, हिंदी आणि मराठीत ते बरं चाललं होतं. २०२१ मध्ये, घरात अडकलेली सगळी दुनिया कुंड्यांकडे वळली होती तेव्हा, ब्राझीलचे ऑर्किडवेडे आपणहून येऊ लागले. इंग्रजी बटणं कशीबशी दाबत ते आपसांत पोर्तुगीजमध्ये बोलायचे. आमच्या मुख्य साहेबांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, “पोर्तुगीज चालू करून टाकू. तीन आठवडे पुरे.”

हात वर केला मी. माझं आजोळ गोव्यातल्या पेडण्याचं. शिवाय बटाटा, पाव, चावी, बादली, पगार, लिलाव, काडतूस हे सगळं पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आलेलं, म्हणजे अर्धी भाषा मला येतेच, असा एक गोड गैरसमज. उरलेल्या अर्ध्या भाषेसाठी मी मडगावच्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेले. १९६१ च्या आधी ते पणजीच्या लिसेव या पोर्तुगीज शाळेत शिकलेले. घरात अजून पोर्तुगीज बोलणारी जी थोडी माणसं गोव्यात उरली आहेत, त्यांतले एक. अकराशे वाक्यांचे छापील कागद मी त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी फाउंटन पेनने, सरळ ओळींत, खाडाखोड न करता भाषांतर लिहून दिलं. इतकं देखणं हस्ताक्षर मी नंतर पाहिलं नाही.

ते ब्राझीलमध्ये पोचलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली, ‘हे ॲप आहे की कार्तोरिउ?’ कार्तोरिउ म्हणजे तिथलं नोटरीचं कार्यालय. शिक्के, रांगा, साक्षांकित प्रती. ब्राझीलमध्ये जन्मापासून मृत्यूपर्यंत माणसाची त्यातून सुटका नाही. सरांनी प्रत्येक सूचनेची सुरुवात ‘महामहिम महोदय’ या थाटात केली होती, आणि ‘तुमच्या फोटोला तीन जणांनी दाद दिली’ हे वाक्य कोर्टाच्या समन्ससारखं वाजत होतं.

चूक सरांची नव्हती. त्यांची भाषा चोख होती. ती कुठल्या वाचकाला द्यायची आहे, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं, कारण मलाही तो प्रश्न पडला नव्हता. मला वाटलं, पोर्तुगीज म्हणजे पोर्तुगीज. आता हिशेब पाहा. २०२२ च्या जनगणनेत ब्राझीलची लोकसंख्या वीस कोटींच्या वर निघाली. पोर्तुगाल सव्वा कोटीही नाही. ॲपच्या पडद्यावर रोज लागणारे शब्द तर दोन्हीकडे हटकून वेगळे. पासवर्डला ब्राझीलमध्ये ‘सेन्या’, पोर्तुगालमध्ये ‘पालाव्रा-पास’. मोबाइलला इकडे ‘सेलुलार’, तिकडे ‘तेलेमोव्हेल’. स्क्रीनला इकडे ‘तेला’, तिकडे ‘एक्रां’. फाइलला इकडे ‘आर्किव्हु’, तिकडे ‘फिशेइरु’. वापरणाऱ्याला ‘उझुआरिउ’ म्हणायचं की ‘उतिलिझादोर’, यावरून लिहिणारा अटलांटिकच्या कुठल्या काठावर उभा आहे ते लगेच कळतं. १९९० मध्ये या देशांनी शुद्धलेखनाचा करार केला आणि ब्राझीलमध्ये तो २००९ पासून लागू झाला. पण करार अक्षरांचा. माणसं कुठला शब्द उचलतात ते त्याच्या हातात नव्हतं.

आम्ही मग दुसऱ्या टोकाला गेलो. सगळं ब्राझीलचं करून टाकलं. आता लिस्बनहून पत्रं आली, आणि ती हसरी नव्हती. मोठ्या भावाने घर बळकावल्यासारखा सूर होता. पुण्याच्या माणसाला नागपुरी पाटी दाखवली तर तो काय म्हणेल ते आठवा, म्हणजे सूर लक्षात येईल.

या गोंधळाचा कळस अननसाने केला. आपण ‘अननस’ म्हणतो, पोर्तुगालमध्ये ‘आनानाश’. ब्राझीलमध्ये मात्र ‘आबाकाशी’. फळ मूळचं त्यांच्याच खंडातलं, नाव तिथल्या आदिवासी भाषेतलं, आणि वास्को द गामाच्या देशातून आपल्याकडे जो शब्द उतरला तो वेगळाच. आमच्या झाडांच्या कोशात एकच नाव होतं, त्यामुळे ब्राझीलचे लोक आबाकाशी शोधायचे आणि ॲप म्हणायचं, असं झाड नाही. ज्या देशात तो शेतात पिकतो, त्या देशाला! कसावाचा कंद तर आणखी वात्रट. ब्राझीलमध्येच त्याला कुठे ‘मांदिओका’, रिओकडे ‘आइपिं’, ईशान्येत ‘माकाशेइरा’. म्हणजे ब्राझीलची भाषा असंही एक खोकं करता येत नव्हतं. जिथे विषयच पिकांचा, पदार्थांचा, घरगुती वस्तूंचा आहे, तिथे बटणांचं भाषांतर हे दहा टक्के काम समजा. उरलेलं शोधाच्या चौकटीत असतं. लोक रेघा न देता टाइप करतात, तरी सापडलं पाहिजे. एका गोष्टीची चार नावं असतात, चारही सापडली पाहिजेत.

आणि ऋतू. हे सांगताना मला अजून लाज वाटते. ‘या महिन्यात काय पेराल’ अशी सूचना आम्ही भाषेनुसार पाठवत होतो. मराठी म्हणजे महाराष्ट्र, हे गणित इथे जमून गेलं होतं. तेच पोर्तुगीजला लावलं. सप्टेंबरच्या शेवटी ब्राझीलमध्ये वसंत सुरू होतो, म्हणून टोमॅटो पेरा अशी सूचना गेली. पोर्तुगालमध्ये तेव्हा शरद लागलेला असतो. पोर्तु शहरातल्या बिचाऱ्या माणसांनी थंडीच्या तोंडावर टोमॅटो पेरायचे का, असं विचारलं. मग अंगोला आलं. तिथले शब्द बरेचसे पोर्तुगालच्या वळणाचे, पण देश दक्षिण गोलार्धात, आणि तिथे चार ऋतू नाहीतच. पाऊस, आणि मे-जूननंतरचा कोरडा गार काळ, ज्याला ते ‘कासिंबु’ म्हणतात. भाषा कुठली, शब्द कुठल्या वळणाचे आणि माणूस राहतो कुठे, हे तीन प्रश्न सभासदाला वेगवेगळे विचारायचे, एका उत्तरावरून दुसरं काढायचं नाही, हे आम्हाला अंगोलाच्या लुआंडातल्या एका शाळामास्तरने शिकवलं. त्याने चार ओळींत समजावून दिलं आणि शेवटी स्वतःच्या पपईचा फोटो जोडला.

कोडच्या बाबतीत थोडक्यात सांगते, कारण हे खड्डे ठरलेले आहेत. आमच्या प्रोग्रॅमरने ‘न्यू’ हा शब्द एकीकडे ठेवून त्याला ‘कमेंट’, ‘मेसेज’, ‘फोटो’ जोडायची युक्ती केली होती. मराठीत आम्ही वाचलो, कारण ‘नवीन’ कुणालाही चिकटतो, लिंग विचारत नाही. पोर्तुगीजमध्ये ‘नोव्हु’ आणि ‘नोव्हा’, आपल्या नवा-नवीसारखेच. फोटो तिकडे स्त्रीलिंगी. त्यामुळे वाक्यं तुकड्यांत देऊ नका, पूर्ण द्या. स्वागताचंही तेच. ‘बें-व्हिंदु’ म्हटलं की बायका दुखावतात, ‘व्हिंदा’ म्हटलं की पुरुष. ‘बोआस-व्हिंदास’ असं वळसा घालून म्हटलं की सगळे खूश. शून्य उत्तरं एकवचनी की अनेकवचनी, याचा नियम ब्राझीलसाठी वेगळा आणि पोर्तुगालसाठी वेगळा लिहावा लागतो. ‘शेअर’ पाच अक्षरांचा, ब्राझीलचा ‘कॉम्पार्तिल्यार’ बारा अक्षरांचा, बटण फुटणारच. एक्सेलच्या रकान्यात सुटा शब्द पाठवला तर भाषांतरकार आंधळा असतो. त्याला पडद्याचा फोटो द्या.

पण हे सगळं दुरुस्त करता येतं. जे दुरुस्त करता आलं नाही ते वेगळंच. आम्ही दार पोर्तुगीजमध्ये उघडलं आणि आत पोर्तुगीज वाचणारं कुणी बसवलं नाही. तक्रारी मशीन भाषांतरातून वाचत होतो, त्याही आठवड्यातून दोनदा. स्पॅम ओळखायला एक नियम होता, एकच अक्षर लागोपाठ चारपेक्षा जास्त वेळा आलं तर मजकूर अडवायचा. ब्राझीलचा माणूस हसतो तेव्हा ‘के’ हे अक्षर ओळीने लिहितो. त्या अक्षराचं त्यांच्याकडचं नाव ‘का’, तेव्हा वाचायचं ‘काकाकाकाका’. आमचा नियम महिनाभर त्यांचं हसू पुसत होता. शिव्यांची यादीही एकच ठेवलेली. ‘रापारिगा’ म्हणजे पोर्तुगालमध्ये साधी मुलगी, ब्राझीलच्या ईशान्येत ती शिवी. पोर्तुगालमधल्या कोइंब्राच्या एका आजीने नातीच्या वाढदिवसाला लावलेल्या रोपाचा फोटो टाकला, खाली नातीसाठी तोच शब्द वापरला आणि आम्ही तिचं खातं गोठवलं. तिने कळवळून लिहिलेलं पत्र आम्ही नऊ दिवसांनी उघडलं. तोवर ती निघून गेली होती. आम्ही माफी लिहिली. उत्तर आलं नाही.

म्हणून आता मला कुणी विचारलं की पोर्तुगीज सुरू करायला किती खर्च येईल, तर मी भाषांतराचा आकडा सांगतच नाही. रोज तक्रारी वाचणाऱ्या दोन माणसांचा पगार सांगते, एक ब्राझीलचं आणि एक पोर्तुगालचं. तेवढे पैसे नसतील तर इंग्रजीच राहू द्या. लोक मोडकंतोडकं चालवून घेतात. त्यांच्या भाषेत बोलावून दुर्लक्ष केलं तर मात्र विसरत नाहीत.

ब्राझीलची माणसं एखाद्या जागेवर जीव लावतात तेव्हा भरभरून लावतात. २००४ मध्ये निघालेलं ऑर्कुट हे समाजमाध्यम त्यांनी आणि आपण भारतीयांनी इतकं भरून टाकलं, की २००८ मध्ये गूगलने त्याचा कारभार ब्राझीलमधल्या बेलो ओरिझॉन्तेच्या ऑफिसकडे सोपवला. बंगळुरूच्या ‘कू’ या समाजमाध्यमाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पोर्तुगीज आणलं, आणि अठ्ठेचाळीस तासांत दहा लाख डाउनलोड झाल्याचं कंपनीने जाहीर केलं. गंमत अशी, की ‘कू’ हा उच्चार पोर्तुगीजमध्ये पार्श्वभागाच्या ग्राम्य शब्दाचा. त्या विनोदानेच निम्मी गर्दी खेचली असावी, असं माझं मत. कू जुलै २०२४ मध्ये बंद झालं. कारणं दुसरी होती, पण नाव ठेवायच्या आधी ते मोठ्याने म्हणून दाखवायला त्या भाषेतलं एखादं माणूस शोधावं, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. आणि एखादा वकीलही शोधावा. ब्राझीलचा विदा-संरक्षण कायदा सप्टेंबर २०२० पासून लागू आहे, पोर्तुगालला युरोपचा कायदा २०१८ पासून. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ‘एक्स’ देशभर बंद करायला लावलं, त्यातलं एक कारण कंपनीचा त्या देशात कायदेशीर प्रतिनिधी नसणं हे होतं. बंदी ८ ऑक्टोबरला उठली. आमच्यासारख्या सहा जणांच्या ऑफिसला कोण विचारतो, असं मीही म्हणायचे.

शेवटी आमचं काम मार्गी लावलं ते ब्राझीलमधल्या रेसिफेच्या एका मुलीने. निवडुंग वाढवणारी, पंचविशीतली. पहिले दोन महिने ती हौसेने फुकट चुका कळवत होती आणि आम्ही निर्लज्जपणे ते घेत होतो. मग तिने सरळ विचारलं, पैसे देणार का? दिले. तिने ब्राझीलची फाइल वेगळी केली, पोर्तुगालच्या फाइलसाठी पोर्तुमधला एक विद्यार्थी शोधून आणला आणि पहिल्याच बैठकीत सांगितलं, की तुम्ही लोकांनी मला सोलायला आबाकाशी दिलाय. त्यांच्याकडे किचकट, नकोशा कामाला अननस म्हणतात. काटेरी, आणि सोलायचा कुणीतरी.

नवी आवृत्ती आल्यावर मी मडगावला गेले. सरांचं ऋण होतं, आणि त्यांचं भाषांतर आता कुठेच उरलेलं नव्हतं, हे त्यांना स्वतः सांगायचं होतं. सांगितलं. ते हसले. त्यांच्या नातवाचा फोन घेऊन मी ॲप उघडून दिलं. भाषांच्या यादीत आता पोर्तुगीज दोनदा होती. ब्राझीलची त्यांनी उघडली, मोठ्याने थोडी वाचली. मग पोर्तुगालची. मग चष्मा काढून म्हणाले, “बाय, ह्यांतलें एकूय म्हजें न्हय.”

आणि यादीत वर जाऊन त्यांनी इंग्रजी निवडली.