बालकांचा न्यूमोनिया : एका मिनिटाची परीक्षा

नवी मुंबईसारख्या शहरात धाप लागलेल्या बालकास अतिदक्षता विभागात नेता येते. दुर्गम खेड्यात मात्र रुग्णालय गाठण्यापूर्वीच मोलाचा वेळ निघून जातो. हा आजार गावातच ओळखून त्यावर उपचार करता येतील काय, या प्रश्नाचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यात शोधण्यात आले.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ५८ गावांतील आरोग्यसेवक व सुईणींना न्यूमोनिया ओळखण्याचे व औषध देण्याचे शिक्षण दिले. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार मिळालेल्या रुग्ण बालकांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होते.

परीक्षा सोपी आहे. खोकला असलेले बालक शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकात ६०, एक वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरल्यास न्यूमोनियाचा संशय घ्यावा. अंकज्ञान नसलेल्या सुईणींसाठी वाळूचे घड्याळ व मणी यांचे साधन तयार करण्यात आले.

छाती आत ओढली जात असल्यास, बालक दूध पीत नसल्यास किंवा ते दोन महिन्यांहून लहान असल्यास त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. त्यासाठी रात्री-अपरात्री वाहन कोठे मिळेल, हे ग्रामपंचायतीने आधीच ठरवून ठेवणे अगत्याचे आहे.