शून्याचा आठ होतो तेव्हा

चलानाच्या मेसेजात नंबर माझ्या स्कूटरचा होता, गुन्हा लाल सिग्नल तोडल्याचा आणि चौक हडपसरकडचा. मी राहते कोथरूडला. शिवाय त्या दिवशी स्कूटर गॅरेजमध्ये इंजिन उघडून पडलेली होती. दीर म्हणाले, "वहिनी, पाचशे रुपड्यांसाठी कुठे चकरा मारत बसताय? भरून टाका आणि मोकळ्या व्हा." घरोघरी हाच सल्ला मिळतो, आणि तो ऐकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी फोटो बघावा. महाट्रॅफिकच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान उघडतं, त्यातच फोटो असतो. माझ्या चलानात स्कूटर नव्हतीच. काळी मोटारसायकल होती, मागे भाजीची रिकामी जाळी बांधलेली. फोटो मोठा करून पाटीवर नजर रोखली तेव्हा उलगडा झाला. त्या मोटारसायकलच्या नंबरात जिथे शून्य होतं तिथे माझ्या नंबरात आठ आहे, आणि पाटी बसवणाऱ्याने स्क्रू नेमका त्या शून्याच्या पोटात पिळला होता. लांबून कोणीही आठच वाचेल. कॅमेऱ्यानेही तेच वाचलं.

पूर्वी पावती फाडायची तर हवालदाराला आधी तुम्हाला गाठावं लागायचं. तोंड दिसायचं, गाडी दिसायची, चार शब्द व्हायचे (कधी चिरीमिरीही, ते वेगळं). कॅमेऱ्याला माणसाशी देणंघेणं नाही. सिग्नल लाल असताना गाडी पट्टी ओलांडून गेली की तो फोटो काढतो, सॉफ्टवेअर त्यातली पाटी वेगळी करून अक्षरं ओळखतं, आणि तो नंबर आरटीओच्या नोंदीत ज्याच्या नावावर असेल त्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. मधे तपासायला माणूस असला तरी दिवसभर फोटोंमागून फोटो बघणाऱ्याच्या नजरेतून एक स्क्रू निसटू शकतो. मला कॅमेऱ्यांचा राग नाही. आमच्या चौकात लोक झेब्राच्या अलीकडे थांबायला लागले ते कॅमेऱ्याच्या धाकानेच. फुटपाथवरून गाड्या हाकणारे मात्र त्याच्या नजरेला अजून पडायचेत.

तर पैसे भरायचे नाहीत. भरले म्हणजे गुन्हा कबूल केला, मग तक्रारीला जागा उरत नाही. आणि त्या मोटारसायकलवाल्याचा रोजचा रस्ता तोच असणार. झालंही तसंच, पहिल्याचा निकाल लागायच्या आत त्याच चौकातलं दुसरं चलान आलं. मी साइटवरच तक्रार नोंदवली. सोबत आरसी, पाटी दिसेल असा माझ्या स्कूटरचा मागून काढलेला फोटो आणि गॅरेजचं तारखेचं बिल जोडलं. मजकूर दोनच ओळींचा: फोटोतली गाडी मोटारसायकल आहे, आरसीवर स्कूटर आहे. तुमच्यावर वेळ आली तर रामायण लिहू नका. वाचणाऱ्याला फरक एका नजरेत दिसला पाहिजे. बरेच दिवस उत्तर आलं नाही, तेव्हा त्याच कागदांच्या प्रिंट घेऊन वाहतूक शाखेत गेले. तिथल्या बाईंनी फोटो बघितला, हसल्या, आणि पहिलं चलान रद्द झालं. दुसऱ्यासाठी पुन्हा जावं लागलं.

कॅमेऱ्याच्या चलानांसाठी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम घातला. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवावी, कॅमेरा असल्याचा फलक आधीच ठळक लावावा, यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र असावं, असं त्यात आहे. तक्रारीत नियमाचा आकडा घातला की कागदाला वजन येतं.

याच काळात व्हॉट्सअॅपवर आणखी एक 'चलान' आलं, सोबत एपीके फाइल. खरं चलान डोक्यावर असताना असली फाइल उघडायला हात शिवशिवतो, आणि ठगांचा धंदा त्यावरच चालतो. फाइल मोबाइलमध्ये बसली की तुमचे मेसेज वाचते आणि बँकेचा ओटीपी परस्पर पळवते. खऱ्या चलानाला कुठलंही अॅप बसवावं लागत नाही, आणि सरकारी साइटच्या पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असाच असतो. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० ला फोन करा.

आरटीओतली स्वतःची नोंदही एकदा बघून घ्या. मोबाइल नंबर जुना किंवा डीलरचा असेल तर चलानाची खबरच लागत नाही, दंड साचत राहतो. गाडी विकली असेल तर नुसत्या स्टॅम्पपेपरवर विसंबू नका. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवण्याची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्यावरही आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईबाबत हेच धरलं की नोंद ज्याच्या नावावर, मालक तोच. पाटीवर '४१४१' चं 'दादा' करणाऱ्यांना काय सांगणार! पण साध्या पाटीवरही स्क्रू कुठे बसतोय ते बघा. नव्या हाय सिक्युरिटी पाटीचं लॉक गॅरेजवाल्याच्या मर्जीने आकड्यात घुसत नाही, त्यामुळे हा घोळ तिथे सहसा होत नाही.

चलान तसंच राहिलं तर लोकअदालतीचं बोलावणं येतं. तिथे दंडात सवलत मिळते म्हणून गर्दी असते. सिग्नल खरंच तोडला असेल तर जरूर जा. पण गाडीच तुमची नसेल तर तिथे तडजोड करू नका, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं.