कोलॅजेनसोबत ‘व्हिटॅमिन सी’ची गोळी हवीच का?

कोलॅजेन तयार करायला शरीराला क जीवनसत्त्व लागतं, हे खरं. त्याच्या साखळीतल्या प्रोलिन आणि लायसिन या अमिनो आम्लांवर प्रक्रिया करणारी विकरं या जीवनसत्त्वाविना नीट चालत नाहीत आणि कोलॅजेनचा तीनपदरी पीळ कच्चा राहतो. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत, ते यामुळेच. पण म्हणून पावडर आणि गोळी एकाच वेळी घ्यायला हवी, हे काही त्यातून निघत नाही. पावडर पोटात पचते, तिची अमिनो आम्लं आणि छोटे पेप्टाइड होतात. पेशी नवं कोलॅजेन आपल्या सवडीनं विणतात. त्यासाठी लागणारं क जीवनसत्त्व आजच्या गोळीतलं आहे की कालच्या पेरूतलं, याचं पेशीला सोयरसुतक नसतं.

गरज तरी किती? आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषांना रोज ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम. एक मध्यम पेरू खाल्लात तर एवढं सहज मिळतं. लिंबू मात्र भाजी गॅसवरून उतरवल्यावर पिळा, उष्णतेनं हे जीवनसत्त्व नष्ट होतं. तंबाखू ओढणाऱ्यांची गरज थोडी जास्त असते. (त्यांनी गोळीआधी बिडी-सिगारेट सोडलेली बरी, त्वचेसाठीसुद्धा.)

कोलॅजेनचा उपयोग होतो का? काही अभ्यासांत त्वचेचा ओलावा आणि लवचिकपणा थोडा सुधारलेला, गुडघेदुखी थोडी उतरलेली दिसते. मात्र यातल्या बऱ्याच अभ्यासांचा खर्च उत्पादकांनीच केलेला असतो. मी स्वतःहून कुणाला लिहून देत नाही. परवडत असेल आणि हौस असेल तर तीन महिने घेऊन बघा. फक्त ते डाळ-दुधाच्या जागी नको, कारण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं.

डब्यावरचं लेबल वाचा. कोलॅजेन प्राण्यांच्या कातडी-हाडांतून किंवा माशांपासून काढतात. ‘शाकाहारी कोलॅजेन’ म्हणून जे विकतात, त्यात सहसा कोलॅजेन नसतंच, जीवनसत्त्वं आणि वनस्पतींचे अर्क असतात. माशांची ॲलर्जी असेल तर विशेष जपा.

मुतखडा होऊन गेलेल्यांनी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा टाळाव्यात. त्यानं लघवीतलं ऑक्झलेट वाढतं. थॅलेसेमियाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये. आणि मधुमेह असेल, तर मोठ्या मात्रेमुळे काही ग्लुकोमीटर साखर चुकीची दाखवतात. आकडा पटला नाही, तर इन्शुलिनचा डोस बदलण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या.