‘असे केले असते तर...’

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही. मुठेच्या पाण्याने पुण्यातील नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त केल्या. कित्येक पूरग्रस्तांनी गोखलेनगर, सहकारनगर येथे नव्याने चूल मांडली. जुना वाडा पुन्हा दिसणार नव्हता.

वाचकहो, ‘सहीह मुस्लिम’मधील एक हदीस येथे आठवावी. हितकर गोष्टीची आस धरा, अल्लाहची मदत मागा, हतबल होऊ नका, अशी पैगंबर (स.) यांची शिकवण आहे, आणि संकट कोसळल्यावर ‘असे केले असते तर’ म्हणण्यास मनाई आहे, कारण हा ‘तर’ सैतानाला वाट करून देतो. क्रम लक्षात घ्या. आधी प्रयत्नाचा आदेश, मग मनाई. म्हणून धरण का फुटले याची चौकशी गैर ठरत नाही. ती पुढील पिढीसाठी असते. (शासनाने आयोग नेमलाही होता.) मनाई आहे ती गेलेल्या गोष्टीवरून रात्रंदिवस स्वतःला कुरतडण्याला.

शोकाला मात्र मनाई नाही. सूरह यूसुफमध्ये ह. याकूब (अ.) यांचे डोळे पुत्रविरहाने पांढरे पडल्याचा उल्लेख आहे. त्याच अवस्थेत त्यांनी मुलांना यूसुफ (अ.) यांच्या शोधास धाडले आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश न होण्यास बजावले. अश्रू आटण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

आपल्या घरात कोणी बुडालेल्या धंद्याची वा मोडलेल्या निकाहची उजळणी करीत असेल, तर ‘विसरा आता’ म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा, ऐकून घ्या, आणि उद्या सकाळी करायचे एक काम त्याच्याबरोबर ठरवा.