पायथनची शिदोरी



आठवी ते दहावीच्या वर्गांतील अनेकांनी आता पायथन ही संगणकाची भाषा शिकायला सुरुवात केली आहे. बेरीज, वजाबाकी, ‘जर-तर’ आणि आवर्तने एवढे आले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता कोणते सॉफ्टवेअर आणायचे? आजचा पाठ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आहे. उत्तर सोपे आहे. काही आणण्याआधी बरोबर आलेली शिदोरी सोडून बघा.

गिडो व्हॅन रॉसम यांनी ॲमस्टरडॅममध्ये तयार केलेली ही भाषा १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिचे नाव सापावरून ठेवलेले नाही, ते ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून आले आहे. पायथन संगणकावर बसवले की तिच्याबरोबर तयार कामांचा एक मोठा संच आपोआप येतो. त्याला ‘स्टँडर्ड लायब्ररी’ म्हणतात आणि त्यातील प्रत्येक कप्प्याला ‘मॉड्यूल’. कप्पा उघडण्यासाठी ‘इम्पोर्ट’ लिहून पुढे त्याचे नाव लिहायचे, एवढेच. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि इंटरनेटही लागत नाही. खाली मॉड्यूलांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाईप करावीत.

१) तारखांचा हिशेब : डेटटाइम आणि कॅलेंडर

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले तो दिवस १७ सप्टेंबर १९४८. त्या दिवशी वार कोणता होता? ‘डेटटाइम’ला विचारा, तो शुक्रवार सांगेल. तेलंगण राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. या दोन तारखांची वजाबाकी करा. उत्तर येते २३,९९९ दिवस, म्हणजे चोवीस हजाराला एक कमी! लीप वर्षे मोजण्याची कटकट मॉड्यूल स्वतःच करते. ‘कॅलेंडर’ने कोणत्याही वर्षाचे पूर्ण वार्षिक कोष्टकसुद्धा छापता येते. शाळेच्या सुट्ट्या, ग्रंथालयाची पुस्तके परत करण्याची तारीख, आजोबांच्या पंचाहत्तरीला किती दिवस उरले, ही सर्व कामे याच कप्प्यातली.

२) पैशाचा हिशेब : डेसिमल आणि फ्रॅक्शन्स

पायथनला ०.१ अधिक ०.२ किती असे विचारून बघा. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येते. यात पायथनची चूक नाही. संगणक आकडे दोनच्या पटीत साठवतो आणि एक दशांश हा अपूर्णांक त्या पद्धतीत नेमका बसत नाही. एकदा हे चालून जाते, पण हजार पावत्यांच्या बेरजेत पैसे इकडचे तिकडे होऊ शकतात. म्हणून पैशासाठी ‘डेसिमल’ वापरावे आणि रक्कम अवतरण चिन्हांत द्यावी, म्हणजे ती जशीच्या तशी घेतली जाते.

‘फ्रॅक्शन्स’चे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालत असे. आजी-आजोबांना विचारा, त्यांनी ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द ऐकलेले असतील. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये, असा दर होता. हाली रुपया १९५९ साली चलनातून कायमचा गेला. आता १०० हाली रुपयांचे कलदार किती? कॅल्क्युलेटर ८५.७१४२८ असे लांबलचक उत्तर देतो आणि तेही अपुरेच. ‘फ्रॅक्शन्स’ नेमके उत्तर देते: ६०० छेद ७, म्हणजेच ८५ पूर्णांक ५ सप्तमांश. वहीत आपण जसे व्यवहारी अपूर्णांक सोडवतो, तसेच.

३) गुणांचा हिशेब : स्टॅटिस्टिक्स

पाच मुलांचे गुण ३५, ४०, ४२, ४५ आणि ९८ आहेत असे समजू. सरासरी ५२ येते. पण पाचपैकी चार मुले या सरासरीच्या खाली आहेत! याच मॉड्यूलमधील ‘मीडियन’ म्हणजे मध्यक काढला तर तो ४२ येतो, आणि वर्गाचे खरे चित्र तोच दाखवतो. निकालाच्या कागदावर केवळ सरासरी पाहणाऱ्या आपल्या सर्वांना, मोठ्या माणसांनाही, हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

४) चिठ्ठ्या आणि मोजणी : रँडम आणि कलेक्शन्स

वक्तृत्व स्पर्धेत कोणाचा क्रमांक आधी, यावरून वाद नको असेल तर ‘रँडम’मधील ‘शफल’ नावांची यादी पिसून देते. मात्र पासवर्ड तयार करण्यासाठी ‘रँडम’ वापरू नये. त्यासाठी ‘सीक्रेट्स’ नावाचे वेगळे मॉड्यूल आहे. ‘कलेक्शन्स’मधील ‘काउंटर’ मोजणी करतो. काचीगुडा, बरकतपुरा, चिक्कडपल्ली, हिमायतनगर यांपैकी कोठून किती मुले येतात, किंवा ग्रंथालयातील कोणते पुस्तक सर्वांत जास्त वाचले गेले, हे एका ओळीत कळते.

५) आपली अक्षरे : युनिकोडडेटा

आता पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग. ‘संगणकाला मराठी कळत नाही, त्याला इंग्रजीच लागते’ असे मुलेच काय, पालकही म्हणतात. प्रयोग करून पाहू.

अवतरण चिन्हांत १२५ हा आकडा मराठी अंकांत लिहा आणि ‘इंट’ने त्याची संख्या करा. होते! तेलुगू अंकांत किंवा उर्दू अंकांत लिहा, तरीही होते. आज्ञावलीच्या मजकुरात थेट गणित करताना मात्र इंग्रजी अंकच लागतात. चलाला ‘गुण’ किंवा ‘नाव’ असे देवनागरी नाव दिलेलेही चालते. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून ही सोय आहे.

आता ‘नारायणगुडा’ या शब्दाची लांबी ‘लेन’ने विचारा. आपण ना-रा-य-ण-गु-डा अशी सहा अक्षरे मोजतो, पायथन १० सांगते. कारण काना आणि उकार ही तिच्या दृष्टीने स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘युनिकोडडेटा’मधील ‘कॅटेगरी’ प्रत्येक चिन्हाची जात सांगते. ज्यांची जात इंग्रजी ‘एम’ने सुरू होते ती काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा हलन्ताची चिन्हे. अशी चार वगळा, म्हणजे सहा उरतात.

यापुढे खरी अडचण येते. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातील ‘ऱ’ दोन प्रकारे टाईप होतो: एकाच चिन्हाने, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर आणि छापील कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण ‘लेन’ एकदा ७ सांगते आणि दुसऱ्या वेळी ८. पायथनला ही दोन वेगळी नावे वाटतात.

समजा, प्रवेशाच्या वेळी नाव एका प्रकारे नोंदले गेले आणि पाच वर्षांनी दाखला काढताना दुसऱ्या प्रकारे टाईप झाले. संगणक म्हणेल, असा विद्यार्थी या शाळेत नाही! मूल शाळेत शिकले, नाव डोळ्यांसमोर आहे, तरी ते सापडत नाही. उपाय याच मॉड्यूलमध्ये आहे. ‘नॉर्मलाइझ’ला ‘एनएफसी’ असा पर्याय देऊन नाव त्यातून काढले की दोन्ही रूपे एक होतात. नाव साठवतानाही ते करावे आणि शोधतानाही करावे. ‘ऱ’ लिहिण्याची एक तिसरी रीत आहे, ज्यात ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह असते. तिला ‘नॉर्मलाइझ’ हात लावत नाही. ती ‘रिप्लेस’ने आपणच बदलून घ्यावी लागते.

नावांच्या क्रमाचेही असेच आहे. कामत, काशीकर, काळे हा आपला क्रम, कारण आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो. पायथनचे ‘सॉर्टेड’ मात्र काळे यांना काशीकरांच्या आधी बसवते, कारण युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच पुढे आहे. युक्ती अशी: क्रम लावण्यापुरते ‘ळ’ च्या जागी अवग्रहाचे चिन्ह ‘ऽ’ ठेवायला सांगा. ते तक्त्यात ‘ह’ नंतर आणि काना-मात्रांच्या आधी येते. मूळ नाव बदलत नाही, क्रम मात्र आपल्या वर्णमालेप्रमाणे लागतो.

६) यादी, शोध आणि राखण : सीएसव्ही, डिफलिब, झिपफाइल

एक्सेलमधील यादी ‘सीएसव्ही’ स्वरूपात साठवली की पायथन ती वाचू शकते. परत लिहिताना ‘यूटीएफ-८-सिग’ हा पर्याय द्यावा, म्हणजे एक्सेलमध्ये मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे किंवा खुणा होत नाहीत. ‘डिफलिब’ जवळची नावे सुचवते. कोणी ‘देशपाडे’ टाईप केले तर ते ‘देशपांडे’ पुढे करते. पण ते केवळ सुचवते. माणूस तोच की दुसरा, हे आपणच पाहायचे. ‘झिपफाइल’ने रोजच्या नोंदींची एक बंद प्रत काढून पेन ड्राइव्हवर ठेवता येते. नोंदी फार वाढल्या तर ‘एसक्यूलाइट३’ हा पूर्ण माहितीसाठाही याच शिदोरीत आहे.

दोन सूचना

पहिली: आपल्या आज्ञावलीला मॉड्यूलचेच नाव देऊ नका. फाइलचे नाव ‘रँडम’ ठेवले तर ‘इम्पोर्ट’ करताना पायथन मूळ कप्पा सोडून तुमचीच फाइल उघडते आणि मग काहीच चालत नाही.

दुसरी: जुन्या पुस्तकातील प्रत्येक मॉड्यूल आजही असेलच असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीतून १९ जुनी मॉड्यूल काढून टाकण्यात आली. वर सांगितलेल्यांपैकी एकही त्यात नाही.

पालक व विश्वस्तांसाठी

शाळेची पटनोंदणी, फीचा हिशेब आणि ग्रंथालयाची यादी ही कामे या मॉड्यूलांच्या आधारे शाळेतच होऊ शकतात. मुलांची नावे, पत्ते आणि जन्मतारखा बाहेरच्या कोणाच्याही संगणकावर पाठवाव्या लागत नाहीत. विकत घेतलेले सॉफ्टवेअर वाईटच असते असे नाही. पण घेण्यापूर्वी विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत: ‘कऱ्हाडे’ दोन्ही प्रकारे टाईप केले तर सापडते का? आणि ‘काळे’ यादीत कोठे येतात? उत्तरावरून ते मराठी शाळेसाठी बनवले आहे की नाही, हे कळेल. तेलुगू, उर्दू, हिंदी आणि इंग्रजीच्या शेजारात आपण इतकी वर्षे मराठी टिकवली, ती घरात बोलून आणि वहीत लिहून. आता ती संगणकातील नोंदीतही शुद्ध राहिली पाहिजे, आणि ते काम आपलीच मुले करू शकतात.

स्वाध्याय

१. तुमच्या जन्मदिवशी कोणता वार होता? आज तुमचे वय किती दिवसांचे आहे?

२. ३५ हाली रुपयांचे कलदार रुपये किती? आधी तोंडी सांगा, मग ‘फ्रॅक्शन्स’ने पडताळा.

३. ‘पुस्तक’ या शब्दात आपण पु-स्त-क अशी तीन अक्षरे मोजतो. वरच्या रीतीने चार का येतात? जोडाक्षर एकच धरले जाईल अशी सुधारणा करा. नंतर ‘अर्थात्’ हा शब्द देऊन पाहा. शेवटच्या हलन्ताचे काय करावे लागेल?

४. वर्गातील सर्व आडनावे वर्णमालेच्या क्रमाने लावा आणि ती यादी हजेरीपटाशी ताडून पाहा.

उत्तरे वहीत लिहून संगणकाच्या शिक्षकांना दाखवावीत. तिसरा प्रश्न ज्यांना सुटेल त्यांनी तो वर्गात फळ्यावर समजावून सांगावा.