जाहिरातींचा गलबला व बियाण्याची परीक्षा

रेडिओच्या विविध भारतीवर व्यापारी जाहिराती सन १९६७ सालीं सुरू झाल्या. दूरदर्शनवर त्या १९७६ पासून येऊं लागल्या. हवामान किंवा बाजारभाव ऐकावयास बसावें, तों एकाच बियाण्याचें गाणें चार वेळां कानीं पडून जीव विटतो. परंतु त्रासाहून धोका मोठा आहे. पुनःपुन्हां ऐकलेलें नांव ओळखीचें वाटतें व दुकानांत तेंच तोंडीं येतें. ओळख म्हणजे गुण नव्हे.

आपल्या मोहोळ येथें निवडलेली मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी या जाहिरातींच्या कितीतरी आधींची. तिची कीर्ति दाण्यानें व कडब्यानें केली.

म्हणून शेतकरी बंधूंनीं गाणें विसरून पिशवीवरील चिठ्ठी वाचावी. तींत उगवणीचें प्रमाण व मुदत दिलेली असते; प्रमाणित ज्वारीची उगवण शेंकडा ७५ हून कमी नसावी. पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे, गोणपाट वाळूं देऊं नये व आठ-दहा दिवसांनीं सशक्त कोंब मोजावे. पावती, चिठ्ठी, रिकामी पिशवी व मूठभर बियाणें मळणी होईपर्यंत जपून ठेवावें; बियाणें फसल्यास तक्रारीस हाच पुरावा उपयोगीं पडतो.